वर्गाबाहेर

विद्युल्लता पुराणिकने धारच्या कॉलेजात कितीतरी वर्षं समाजशास्त्र शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला तिने वर्गाबाहेर काढलं नव्हतं. आवाज चढवला, खडू फेकून मारला, एकदा तर निवडणुकीवरून जुंपलेल्या दोन पोरांच्या मध्ये पडून स्वतःचा चष्मा फोडून घेतला. पण 'चालता हो' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. पुढे अतिथी विद्वान, म्हणजे कंत्राटी प्राध्यापक, म्हणून असलेली तिची नेमणूक संपली आणि ती एका खाजगी विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला शिकवू लागली. नवरा अजेय पिथमपूरच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. ती फ्लॅटच्या बैठकीत कपाटाला पाठ लावून लॅपटॉपसमोर बसायची आणि दोन्ही हातांनी कीबोर्ड धरून ठेवायची, जसं काही तो पळून जाणार आहे.

विद्यापीठाने अशा सगळ्या शिक्षकांना देवासला ट्रेनिंगला बोलावलं. टेकडीच्या पायथ्याशी, एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर ते चालायचं. शिकवणारी इरावती मुजुमदार विद्युल्लतेपेक्षा बरीच लहान, जलद बोलणारी, पण मनाने चांगली. आपला पडदा विद्यार्थ्यांना कसा दाखवायचा, वर्गाचे छोटे गट कसे पाडायचे, कोणाचा आवाज कसा बंद करायचा, हे ती न कंटाळता दाखवायची. विद्युल्लतेला सुरुवातीला माउस धरता यायचा नाही. बाण कुठल्या कुठे जायचा. शेजारी बसणारी अल्पना हसायची, तेव्हा विद्युल्लतेची कानशिलं तापायची. पण ती हट्टी होती. घरी बसून तिने हात बसवला.

एक सराव इरावती प्रत्येक वेळी करून घ्यायची. शिक्षकांपैकीच कोणीतरी मधूनच आरडाओरडा करायचा, मोठ्याने गाणी लावायचा, आणि वर्ग घेणाऱ्याने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढायचं.

"टवाळ पोरं घुसतात, घाण व्हिडिओ लावतात, मुलींना शिव्या देतात," इरावती सांगायची. "तुम्ही विचार करत बसलात की वर्ग गेला. हाताला सवय पाहिजे. गोंधळ दिसला, नाव पकडा, काढा."

या सरावात शेवटी शेवटी विद्युल्लता सगळ्यांत पुढे होती. अल्पनाने तोंड उघडायचा अवकाश, की ती बाहेर. सगळे टाळ्या वाजवायचे. परतीच्या बसमध्ये इंदूर येईपर्यंत ती खिडकीशी बसून स्वतःशीच हसत असायची.

दुसरा नियम कॅमेऱ्याचा होता. चेहरा दिसला नाही तर हजेरी नाही.

तिच्या वर्गात कृतिका मोहिते नावाची मुलगी होती. तिरल्याला सासर, बाविशीतली, लिहायची नेमकं. बहुतेक वर्ग हिंदी बोलणारा, पण कृतिका मराठी घरातली, म्हणून विद्युल्लतेला निरोप मराठीत पाठवायची. तेही मोडकंतोडकं, कारण शाळा सगळी हिंदीतून झालेली. तिचा चौकोन नेहमी काळा असायचा. विद्युल्लतेने दोनदा टोकलं, तेव्हा निरोप आला: "मॅडम, कॅमेरा नाही लावू शकत. घरचे बघतात. प्लीज समझा."

विद्युल्लतेने असली निमित्तं आयुष्यभर ऐकली होती. आजी मेली, सायकल पंक्चर झाली, लाइट गेली. तिने ट्रेनिंगमध्ये दिलेला तयार मजकूर चिकटवला: कॅमेरा सुरू नसल्यास उपस्थिती ग्राह्य धरली जाणार नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

पुढच्या वर्गाला, दुपारी, कुटुंबसंस्थेवरचं प्रकरण सुरू असताना कृतिकाचा काळा चौकोन उजळला.

धान्याची खोली होती. मागे पोत्यांची थप्पी, कोपऱ्यात तोलकाटा, फोन भिंतीला टेकवून ठेवला असावा, चित्र किंचित तिरकं होतं. पदर कपाळापर्यंत ओढलेला. एक डोळा सुजून मिटलेला होता आणि गालावरचा डाग मधोमध काळा, कडेने पिवळा पडला होता. विद्युल्लता बोलायची थांबली. कृतिकाने एकदाच वर पाहिलं आणि ती वहीत खाली बघून बसली, हजेरी लागली असेल अशा आशेने.

"कृतिका," विद्युल्लता म्हणाली, "बेटा, तुझ्या डोळ्याला..."

तेवढ्यात कृतिकाच्या मागचं दार उघडलं. उंच, अंगात बनियन घातलेला माणूस आत आला. तो तिचा नवरा हर्षित होता. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग फोनकडे वाकला. त्याचा चेहरा सगळ्या वर्गाच्या पडद्यावर भरून आला. वर्गात निम्मे पुरुष होते.

"इतक्या मर्दांना तोंड दाखवत बसलीस," तो म्हणाला. आवाज अगदी खालचा होता. "मोहित्यांची सून."

मग त्याने तिचे केस धरून डोकं तोलकाट्यावर आपटलं. आवाज स्पष्ट आला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती ओरडली, आणि वर्गातली बाकीची माणसंही ओरडायला लागली. कोणी हिंदीत, कोणी मालवीत, सगळे एकदम. एका बाईने तोंडावर हात घेतला. हर्षितने पाय मागे घेतला आणि कृतिकाच्या पोटात घातला. ती फोनच्या कडेला कोसळली, तिचे फक्त केस दिसत राहिले.

विद्युल्लतेचा हात माउसवर होता. गोंधळ होता, नाव होतं. बोट दोनदा दाबलं गेलं.

चौकोन नाहीसा झाला. बाकीचे चौकोन सरकून त्याच्या जागी आले आणि वर्ग शांत झाला.

आपण काय केलं हे तिला कळायला जरा वेळ लागला. ती नावांच्या यादीत कृतिकाला शोधू लागली, वर, खाली, पुन्हा वर. एकदा काढलेल्या माणसाला स्वतःहून परत येता येत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. इरावतीने प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी तीच उत्तर द्यायची. त्या खोलीत एक खिडकी उघडी होती, आणि ती आपण स्वतःच्या हाताने लावून घेतली.

"मॅडम जी," एक आवाज आला. उमाबाई. तिरल्याच्या अंगणवाडीतल्या सेविका, पन्नाशीच्या, बढतीसाठी बी.ए. करत होत्या. "घर मला ठाऊक आहे. दोन गल्ल्या सोडून. मी जाते. तुम्ही पुलिस बोलवा."

"एकट्या जाऊ नका."

"मग कोणाला घेऊन जाऊ?" उमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही चौकोन रिकामा झाला. खुर्ची तेवढी दिसत राहिली.

विद्युल्लतेने ११२ला फोन लावला, नाव-गाव सांगितलं, आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून स्कूटीची किल्ली उचलली. तिरला धारपासून फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग होती. ती रांग कापत, कच्च्यातून स्कूटी घालत गेली. एकदा घसरली, गुडघा फुटला, तशीच उठली. सारखं तिला केस दिसत होते, फोनच्या कडेला पडलेले.

मोहित्यांच्या घरापुढे माणसं जमली होती. कोणी आत जात नव्हतं. अंगणात सासू बाजेवर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर ताट, ताटात निवडायचे गहू.

"नवरा-बायकोचं आहे," सासू म्हणाली. "तुम्ही कोण?"

विद्युल्लता तिला ओलांडून थेट आत गेली. आतल्या खोलीच्या दारावर उमाबाई दगड मारत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आणि कुंकू एक झालं होतं. आतून एकच आवाज येत होता, कोणी ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा, थांबून थांबून. ओरडणं केव्हाच बंद झालं होतं.

दोघींनी मिळून खांदा लावला. कडी निसटली आणि दार वीतभर उघडलं. विद्युल्लतेने फटीत हात घातला. आतून हर्षितने सगळं वजन टाकून दार लोटलं. तिची बोटं चौकटीत चेचली गेली. दुखलं असं तिला वाटलंच नाही, फक्त डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि आपण किंचाळतोय हे उमाबाईंच्या चेहऱ्यावरून समजलं. उमाबाईंनी फटीतून दगड आत फेकला. तो कुठेतरी बसला असावा, कारण दार सुटलं.

कृतिका पोत्यांच्या पायाशी पडली होती. जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडातून रक्त आणि लाळ वाहून सांडलेल्या ज्वारीत मिसळत होती. जवळच फोनचे तुकडे होते. हर्षितचं तिरल्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं; हातात त्याच दुकानातला मोठा लोखंडी पाना होता. त्याच्या कानामागून रक्त येत होतं. तो उमाबाईंकडे वळला आणि पाना त्यांच्या खांद्यावर बसला. उमाबाई कण्हत भिंतीला टेकल्या, घसरत खाली बसल्या.

विद्युल्लतेचा उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताला तोलकाट्याजवळचं वजन लागलं, पाच किलोचं, वर कडी असलेलं. तिने ते उचललं आणि फिरवून हर्षितच्या नडगीवर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिने त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो वाकला, तेव्हा तिने पुन्हा मारलं, त्याच जागी. तो खाली पडला आणि पाना त्याच्या हातून सुटला. तिने तिसऱ्यांदा मारलं. त्याने "बस, बस" म्हटलं. तिने चौथ्यांदा वजन उचललं, या वेळी त्याच्या डोक्याच्या दिशेने.

"मॅडम," उमाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मॅडम, ती बघतेय."

कृतिकाचा एक डोळा उघडा होता. विद्युल्लतेने वजन खाली ठेवलं, हळूच, जसं काही ते कोणाचं उसनं आणलेलं होतं. मारताना तिला बरं वाटलं होतं. किती बरं वाटलं होतं हे पुढे कितीतरी दिवस तिच्या मनातून जाईना, आणि ते तिने अजेयलासुद्धा सांगितलं नाही.

पोलीस आले तेव्हा गर्दीला कंठ फुटला. प्रत्येकाने सगळं पाहिलं होतं.

कृतिकाला आधी धारच्या आणि मग इंदूरच्या दवाखान्यात नेलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, बरगड्या मोडल्या होत्या, एका डोळ्याची दृष्टी परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. उमाबाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं. विद्युल्लतेच्या तीन बोटांत सळ्या घातल्या. हर्षितवर गुन्हा दाखल झाला, आणि त्याच्या घरच्यांनी विद्युल्लतेवरही केला: घरात घुसून पाय मोडला. त्यात खोटं काही नव्हतं.

मग हर्षितचे चुलत भाऊ धारला आले. भर सकाळी, शेजारी दूध घ्यायला उभे असताना, त्यांनी तिची स्कूटी गजांनी ठेचून काढली. अजेय खाली धावला तर त्याला जिन्यावरच गाठून मारलं. एकाने त्याची मान पकडून ठेवली आणि दुसरा वर बघून म्हणाला, "मास्तरीण, गवाही दिलीस तर याचे दात गोळा करायला खाली येशील." अजेय महिनाभर कुशीवर झोपू शकला नाही. तो रात्री फक्त एवढंच विचारायचा, "तू गवाही देणार आहेस ना?" आणि ती "हो" म्हणाली की दुसऱ्या कुशीवर वळायचा प्रयत्न करायचा.

खरी अडचण वेगळीच निघाली. वर्गाचं रेकॉर्डिंग आपोआप होत होतं, आणि ते पोलिसांकडे गेलं. त्यात हर्षितचा चेहरा होता, आवाज होता, तोलकाटा होता, पोटातली लाथ होती. आणि मग कृतिकाचा चौकोन नाहीसा होत होता. जबडा मोडला तो त्यानंतर. डोळा गेला तोही त्यानंतर. हर्षितचा वकील म्हणाला, दोन-चार फटक्यांचं कबूल, पण पुढे ती पोत्यांवरून पडली. वर्गातल्या सगळ्यांना पोलिसांनी विचारलं. बहुतेकांचं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं होतं.

हाताला पट्टी बांधून विद्युल्लता देवासला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. हॉलमध्ये नवीन शिक्षकांची तुकडी बसली होती, आणि नेमका तोच सराव चालला होता. अल्पना आता मदतनीस झाली होती. तिने सवयीप्रमाणे जोरात किंकाळी फोडली, आणि एका नवख्या शिक्षकाने तिला झटकन काढलं. टाळ्या वाजल्या. विद्युल्लता दारातच भिंतीला धरून ओकली.

इरावतीने तिला बाजूला नेऊन पाणी दिलं.

"ताई, मी ते टवाळखोरांसाठी शिकवलं होतं."

"माहीत आहे मला."

"मला झोप नाही लागत."

"मलाही नाही," विद्युल्लता म्हणाली. "पण मी तुमच्यावर ढकलायला नाही आले. बोट माझं होतं. तिने मला आधी लिहिलं होतं, घरचे बघतात म्हणून. ते वाचताही मला येत होतं. आता या लोकांना मला सांगू द्या."

"वरचे लोक ऐकणार नाहीत. कॅमेऱ्याची टक्केवारी दर महिन्याला मागतात."

"मागू देत. तुम्ही मला हॉल द्या."

इरावतीने आत जाऊन माइक बंद केला आणि सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या. विद्युल्लतेने झालं ते सगळं सांगितलं, हाणलेल्या वजनासकट. कोणी मान वर केली नाही. मग तिने इरावतीलाच संगणकावर बसवून एकेक गोष्ट दाखवायला लावली, कारण तिची स्वतःची बोटं चालत नव्हती. मार खाणाऱ्याची खिडकी उघडीच ठेवून बाकी सगळ्यांचे आवाज कसे बंद करायचे. एकाच विद्यार्थ्याला, इतर कोणाला न दिसता, "बोलता येतं का, फक्त एक अक्षर पाठव" असं कसं विचारायचं. चेहऱ्याऐवजी आवाजाने किंवा उत्तराने हजेरी कशी लावायची. गावाचा, घराचा पत्ता वर्ष सुरू होतानाच कसा विचारून ठेवायचा. एका प्राध्यापकांनी विचारलं, "हे आमचं काम आहे का?" अल्पना त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावर लग्नाची फुलं लावणारा माळी वर बघायला आला.

विद्यापीठाने विद्युल्लतेला कामावरून कमी केलं. कारण लिहिलं नाही. इरावती तिथेच राहिली आणि तो नवा सराव कोणाला न विचारता घेत राहिली.

कृतिका दवाखान्यातून सुटून देवासला मावशीकडे आली. मावशी राजाबाई शिवणकाम करायच्या, बस स्टँडमागे दोन खोल्या होत्या. विद्युल्लता भेटायला गेली तेव्हा कृतिका पलंगावर बसून नळीने पातळ खिचडीचं पाणी पीत होती. दात तारेने बांधलेले, त्यामुळे शब्द फटीतून गळून यायचे. गेलेल्या डोळ्यावर कापूस होता.

राजाबाईंनी विद्युल्लतेला खुर्ची दिली आणि स्वतः दारात जाऊन बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. हल्ली त्या तिथेच बसायच्या, मांडीवर कपडा बेतायची मोठी कात्री घेऊन.

कृतिकाने नळीतून आणखी एक घोट घेतला.

"तुम्ही मला काढलं होतं ना?" कृतिका म्हणाली.

"हो."

"फोनवर आलं होतं. वर्गातून काढलं आहे असं. मी खालून वाचलं." तिने नळी बाजूला ठेवली. "त्याने पण वाचलं. मोठ्याने. हसला तो, मॅडम. म्हणाला, देख, तुझ्या मॅडमला पण तू नको. मग फोन फोडला, आणि पाना आणायला गेला."

विद्युल्लतेला वाटलं, त्या चौकटीत आपला हात अजूनही अडकलेला आहे. तिने काही समजावलं नाही. बोटाला सवय होती, हे सांगून काय होणार होतं.

"मी न्यायालयात हेच सांगणार आहे," ती शेवटी म्हणाली. "मी काढलं. त्यामुळे पुढचं दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून झालं नाही, असं कोणी म्हणू नये."

"तुमची बदनामी होईल."

"होऊ दे."

कृतिकाने एका डोळ्याने तिच्या सळ्या घातलेल्या बोटांकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी होती का, विद्युल्लतेला कळलं नाही, आणि तिने शोधलंही नाही.

"मावशीला वाटतं, मी शिक्षण सोडावं," कृतिका म्हणाली. "मी नाही सोडणार. परीक्षेचा फॉर्म भरला आहे. पण तुम्ही आता तिकडे नाही ना. नवीन सर खूप फास्ट बोलतात."

"कुठलं प्रकरण चाललंय?"

"सत्ता आणि अधिकार."

विद्युल्लतेने खुर्ची पलंगाजवळ ओढली. पुस्तक कृतिकाकडे नव्हतं, ते तिरल्यातच राहिलं होतं. तेव्हा तिने तोंडीच सुरुवात केली, कॉलेजात करायची तशी, हातवारे करत, फक्त आता एका हाताने. सत्ता म्हणजे काय, अधिकार म्हणजे काय, माणसं कोणाचं का ऐकतात. मधूनच कृतिकाने बोट वर केलं.

"भीतीने ऐकतात, तो अधिकार झाला का?"

"नाही," विद्युल्लता म्हणाली. "तो नाही. का नाही, ते तू सांग."

कृतिकाने बांधलेल्या दातांतून उत्तर द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात ती चुकली. विद्युल्लतेने तिला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं.